मक्केहून आलेलं बिल

मेसेज आला तेव्हा तिजानी एका खाणावळीच्या फ्रीजरमागे पोटावर पालथा पडला होता. जूनचा दुसरा आठवडा होता आणि समुद्रकाठच्या महदिया गावात उकाडा सुरू झाला होता. उकाडा सुरू झाला की गावातले सगळे फ्रिज एकमेकांना निरोप धाडून एकाच दिवशी बंद पडतात, असं सोळा वर्षं फ्रिज दुरुस्त करून त्याचं पक्कं मत झालं होतं. ग्रीस लागलेल्या अंगठ्याने त्याने मेसेज उघडला, वाचला, डोळे पुसून परत वाचला. दोन हजार तीनशे अठरा दिनार. गुरुवारपर्यंत भरले नाहीत तर दोन्ही नंबर बंद करण्यात येतील.

"काय झालं रे?" खाणावळवाल्याने विचारलं.

"काही नाही. माझ्या नावावर कोणीतरी चंद्रावर फोन लावलाय."

कोणी लावलाय हे त्याला लगेच कळलं होतं. दोन नंबरांपैकी एक त्याचा आणि एक शेलबिया आत्याचा. आत्याला सही येत नाही, म्हणून तिचाही नंबर तिजानीच्याच नावावर. बटनांचा साधा फोन, महिन्याचं भाडं तीन दिनार, आणि एरवी त्या भाड्यापुढे कधी दमडी चढत नसे. मे महिन्यात आत्या बारा दिवस मक्केला उमऱ्याची यात्रा करून आली, तेवढंच काय ते नवीन घडलं होतं.

पैसे तर जाणारच होते. सेकंडहँड टेम्पोसाठी त्याने दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवले होते, ते जवळजवळ सगळे यात गेले असते. पण खरी भीती वेगळीच होती. त्याचा नंबर बंदरापासून दीपगृहापर्यंत प्रत्येक फ्रिजवर, प्रत्येक बर्फाच्या कपाटावर चिकटवलेला होता. सोळा वर्षांत दुकान दोनदा बदललं, पण नंबर तोच राहिला. लोकांना त्याचं आडनाव ठाऊक नव्हतं, नंबर पाठ होता. तो तुटला तर कंपनी पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणाला देऊन टाकणार, आणि ऐन जुलैत अख्खं गाव त्या भलत्याच माणसाला फोन करून मासे सडताहेत म्हणून ओरडणार. तिजानी मात्र घरी माश्या मारत बसणार.

फोन कंपनीच्या काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती. तिने स्क्रीनवर बघून सांगितलं, "सगळं बरोबर आहे काका. परदेशातून केलेले कॉल आहेत. मिनिटाला पाच दिनार."

"कोणी केले?"

"तुम्ही."

"मी इथे होतो. महदियात. पोटावर पडलो होतो."

"तुमच्या नावावरच्या फोनने केले ना? मग तुम्हीच." तिने एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. परदेशी सेवा सुरू करावी, असा अर्ज. खाली तिजानीची सही होती, आणि चांगली ऐसपैस होती. त्याला आठवलं. याच काउंटरवर तो म्हणाला होता, सगळं चालू करून टाका, म्हातारं माणूस आहे, परक्या मुलखात अडायला नको. दर काय पडेल ते विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

स्वतःच्या सहीवर काही बोलता येईना, तेव्हा त्याने दुसराच मुद्दा काढला. "मग तुमच्या सेवेचंही ऐका. गेल्या महिन्यात चौदा तारखेला भरदुपारी माझा फोन दोन तास एंगेज लागत होता. दोन तास. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने कंटाळून सूस शहरातून दुसरा मिस्त्री बोलावला. ते काम कायमचं गेलं हातातून. त्याचे पैसे कोण देणार मला?"

"लेखी तक्रार द्या."

त्याने दिली. पानभर, तारीख-वेळेसकट, शेवटी दोन रेघा मारून. शिवाय कोणत्या नंबरला किती मिनिटं कॉल झाले त्याची यादी मागितली. यादी तीन दिवसांनी, बंद लिफाफ्यात मिळेल असं मुलीने सांगितलं. म्हणजे बुधवारी. आणि नंबर तुटणार गुरुवारी. तिजानीने तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

आत्या जुन्या गावात, कोळ्यांच्या गल्लीत राहत असे. तिजानी नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून लग्न होईपर्यंत तोही त्याच घरात वाढला होता. तो पोचला तेव्हा आत्या अंगणात लाकडी परात घेऊन वर्षभर पुरेल एवढं रव्याचं कुसकुस वळत बसली होती. वळत होती ती डाव्या हाताने, आणि ते काही नीट जमत नव्हतं. मक्केहून आल्यापासून तिचा उजवा खांदा धरला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. बॅग उचलताना लचकला असेल, असं तीच सगळ्यांना सांगायची.

"आत्या, मक्केहून तू कोणाकोणाला फोन केलेस?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"ज्यांनी ज्यांनी दुआ मागायला सांगितली होती त्यांना. तुला काय वाटलं, गप्पा छाटायला केले?"

मग तिने सांगितलं ते असं. मक्केला जाणाऱ्या माणसाकडे गल्ली आपापल्या दुआ सोपवते, ते चालत आलेलंच आहे. पण चार वर्षांपूर्वी शेजारची ताऊस गेली होती, तिने सगळा घोळ घातला. नजिबा शिंपिणीच्या मुलीला नवरा मागायचा होता आणि जलूल मासेवाल्याच्या होडीला इंजिन. ताऊसने तिथल्या गर्दीत मुलीला इंजिन मागितलं आणि होडीला नवरा, आणि परत आल्यावर बिचारीने ते कबूलही केलं. मुलगी अजून घरातच होती आणि होडी अजून वल्ह्यांवर. आत्याला वाचता येत नाही, तीस-बत्तीस लोकांच्या दुआ डोक्यात ठेवणं तिच्याने होणार नव्हतं, म्हणून तिने ठरवलं की ज्याची त्याने मागावी. औषधाच्या दुकानातल्या पोरीने तिच्या फोनमध्ये सगळ्यांचे नंबर ओळीने भरून दिले होते.

"मी काब्यासमोर उभी राहायचे," आत्या म्हणाली, "फोन लावायचे, सांगायचे की बाबा मी इथे उभी आहे, माग तुला काय मागायचं ते. आणि फोन वर धरायचे. त्याचं तोंड काब्याकडे करून."

"आणि किती वेळ धरायचीस?"

"त्यांचं होईपर्यंत."

"त्यांचं झालं हे तुला कसं कळायचं?"

"ते बंद करायचे ना. माणूस अल्लाशी बोलत असताना मी मधेच तोडू होय रे? आणि दुसऱ्याची दुआ ऐकू नये, म्हणून मी कानाला लावत नव्हते."

तिजानीला सगळं चित्र डोळ्यांपुढे दिसलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. एका टोकाला आत्या, जी तोडणार नाही. दुसऱ्या टोकाला गल्लीतले लोक, ज्यांच्यात काब्याला लागलेला फोन आपल्या हाताने तोडायची छाती नाही. आणि दोघांच्या मध्ये मिनिटाला पाच दिनार.

"पाच दिनार, आत्या. एका मिनिटाला. किलोभर चांगले सार्डिन मासे येतात त्यात."

"मग काही महाग नाही पडलं," आत्या म्हणाली. "दुआच ती."

"भरायचे मला आहेत." त्याचा आवाज चढला. "मलाही केला होतास ना फोन? मी बोललो का एक मिनिटाच्या वर?"

"तुलाही केला होता," आत्या म्हणाली, आणि परातीकडे बघू लागली.

"मी कामात होतो. हो आत्या म्हटलं, दोन शब्द बोललो आणि ठेवला फोन. एवढी अक्कल गल्लीत दुसऱ्या कोणाला नाही? तुझ्या भोळेपणाची बिलं मी किती वर्षं भरायची, ते तरी सांग."

आत्या डाव्या हाताने कुसकुस वळत राहिली. बाहेर पडताना तिजानीला आपण जास्त बोललो असं वाटलं, पण परत फिरावं एवढं नाही वाटलं. त्याने मनाशी एक नियम करून टाकला होता आणि तो त्याला फार न्याय्य वाटत होता. जो जितका बोलला, तो तितकं भरेल.

त्या नियमाला गल्लीत कोणाचाच विरोध नव्हता. जो तो म्हणत होता, अगदी बरोबर. फक्त आपल्याला तो कसा लागू होत नाही, ते प्रत्येकाने नीट समजावून दिलं.

नजिबा शिंपीण मशीनवरून न उठताच म्हणाली, "मी कुठे बोलले? मला तर रडूच कोसळलं. हुंदके ऐकू गेले असतील तेवढेच. रडण्याचे पैसे घेतात का?"

"लाइन चालू होती ना, नजिबाताई."

"लाइन तुझ्या आत्याने चालू ठेवली. माझी मुलगी अजून घरात आहे, तिजानी. तिचं ठरू दे, मग माग काय मागायचे ते. माल हातात येण्याआधी तूसुद्धा पैसे देत नाहीस."

निवृत्त शाळामास्तर खमाइस यांनी त्याला बसवलं, चहा दिला, चहात बदाम टाकले, आणि प्रश्न मुळापासून हाती घेतला. "फोन कोणी कोणाला केला? तिने मला. मी मागवला होता का? नाही. समजा, कोणी आपल्या घरी न सांगता टरबूज पाठवलं, तर हमालीचे पैसे आपण द्यायचे का?"

"तुम्ही टरबूज खाल्लंत ना, मास्तर."

"खाल्लं," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण गोड निघालं नाही. मुलाचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला."

जलूल मासेवाला साठीचा, बोलायला मोकळा. त्याच्याकडून तिजानीला आशा होती, कारण जलूलची दुआ फळली होती. होडीला इंजिन मिळालं होतं, जुनं पण चालणारं. "मिळालं की," जलूल म्हणाला. "पण ते मी रोज पाच वेळा घरीही मागत होतो, फुकटात. मग त्यातलं फोनवरच्या मागण्याने किती मिळालं आणि घरच्या मागण्याने किती, हे तू मला वेगळं करून दाखव. तेवढे देतो."

"काका, तुम्ही माझी थट्टा करताय."

"थोडी. हे दोन ताजे मासे घेऊन जा घरी. बायकोला सांग, भाजून कर."

तीन दिवस तिजानी असा वणवण फिरला. लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचा आणि स्क्रू आवळता आवळता हळूच विचारायचा, तुम्हाला आत्याचा फोन आला होता का हो. आला होता, म्हणत. मग पुढे हात झटकत. कोणी म्हणे फोन बायकोने घेतला, कोणी म्हणे मक्केची बाब आहे, त्यात पैशाचं बोलू नये. एकाने तर दुरुस्तीच्या मजुरीतच दुआचे पैसे धरून घे असं सुचवलं आणि मग मजुरीही दिली नाही. तिजानी संतापाने इतका वैतागला होता की घरी जेवताना रिकामी खुर्ची दिसली तरी तिच्याशी वाद घालायचा.

"एक सांगू?" त्याची बायको वसीला म्हणाली. "तू गावभर वसुलीला हिंडतोयस, पण कोण किती बोललं ते तुला तरी कुठे ठाऊक आहे? लिफाफा येऊ दे. तोवर जरा तोंड आवर. आत्यांना वाटेल, आपण गुन्हाच केला."

"केलाच आहे."

"कसला? फोन धरण्याचा?"

तो माशाचे काटे काढत बसला.

बुधवारी लिफाफा मिळाला. तिजानीने तो काउंटरवर उघडला नाही. आपण आकडे खालीवर केले असा आळ यायला नको म्हणून सगळ्यांसमोर, आत्याच्याच अंगणात फोडायचा असं त्याने ठरवलं, आणि वाचायला मास्तरांना द्यायचा, म्हणजे ते टरबुजाची भानगड काढणार नाहीत. संध्याकाळी गल्ली जमली. ज्यांनी तीन दिवस टाळलं होतं तेही आले, कारण शेजारी किती मिनिटं बोलला ते कळणार होतं. आत्याने चहा ठेवला. मक्केहून आणलेल्या खजुरांतले उरलेले ताटलीत काढले. ती मात्र भिंतीशी बसून राहिली आणि कोणाकडे बघत नव्हती.

"नियम आधीच सांगतो," तिजानी म्हणाला. "जो जितका बोलला, तो तितकं भरेल. मान्य?"

मान्य होतं. मास्तरांनी चष्मा चढवला, लिफाफा कात्रीने नीट कापला आणि हजेरी घ्यावी तसं वाचायला सुरुवात केली. नंबर, मग तारीख, मग मिनिटं. नजिबाची बावीस निघाली.

"बावीस कशी असतील?" नजिबा म्हणाली. "मधे मी रस्सा ढवळायला गेले होते, ती वजा करा."

"फोन चालू ठेवून गेलात?"

"मग काय काब्याचा फोन आपटू?"

जलूलची अकरा. औषधाच्या दुकानातल्या पोरीची चार, तिला दुकान सांभाळायचं होतं. मास्तरांनी एका नंबरपाशी घसा खाकरला आणि तो पुटपुटत वाचला, तेव्हा सगळ्यांनी मोठ्याने वाचायला लावलं. मास्तरांचा स्वतःचाच निघाला, एकोणतीस मिनिटं. तिजानीने कागदावर लिहून घेतलं आणि त्याला तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग मास्तरांनी पान उलटलं आणि थांबले.

"चौदा तारीख," ते म्हणाले. "एक तास सत्तेचाळीस मिनिटं."

अंगणात सगळ्यांनाच हायसं वाटलेलं दिसलं. आपल्यापेक्षा मोठा चोर सापडला होता. नजिबा तर सरसावून बसली.

तिजानी उभा राहिला. तीन दिवसांचा राग त्याला आता धड एका माणसावर काढता येणार होता. "एक तास सत्तेचाळीस," तो म्हणाला. "पाचशे पस्तीस दिनार. एकट्याने. इथे माणसं बावीस मिनिटांसाठी रस्सा वजा करताहेत, आणि हा कोण महाभाग, जो म्हाताऱ्या बाईला तिथे पावणेदोन तास उभं करतो? अख्खी वंशावळ सांगत होता का? याला लाज नाही वाटली? तुम्हाला सगळ्यांना सांगून ठेवतो, बाकीच्यांचं एक वेळ सोडून देईन, पण याच्याकडून दिनारातला शेवटचा मिलीम वसूल करीन. वाचा मास्तर, नंबर वाचा."

मास्तरांनी कागदाकडे बघितलं, मग तिजानीकडे.

"वाचा ना."

"अठ्ठ्याण्णव," मास्तर म्हणाले. "चारशे बारा."

ते पुन्हा थांबले. उरलेले तीन आकडे जलूलने म्हणून टाकले. रोज पहाटे बर्फाचं कपाट उघडताना ते त्याच्या नाकासमोर असत.

तिजानीने मास्तरांच्या हातून कागद घेतला. नंबर त्याचाच होता. चौदा मे. भरदुपार. तीच वेळ, जी त्याने तक्रारीत आपल्या हाताने लिहिली होती आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. नजिबा ओढणीचं टोक तोंडात धरून हसायला लागली, आणि मग बाकीच्यांनाही धीर आला.

त्याला सगळं आठवलं. तो जलूलच्या दुकानात होता, कॉम्प्रेसर उघडा पडलेला, दोन्ही हात आत. फोन वाजला, त्याने कोपराने कसाबसा घेतला. हो आत्या, बोल, पोचलीस का, बरं बरं. ती काहीतरी म्हणत होती, पण जलूलचं बर्फ फोडणं चालू होतं, काही ऐकू आलं नाही. त्याने फोन बर्फाच्या खोक्यावर ठेवला. बंद केला नाही, नुसता ठेवला. एक गंजलेला बोल्ट काही केल्या सुटेना, त्यात दीड-पावणेदोन तास गेले, आणि फोन तो विसरून गेला.

"हे शक्य नाही," तो म्हणाला. "कंपनीची चूक असणार. मी तर एक मिनिटसुद्धा..."

"त्याला हसू नका," आत्या म्हणाली.

संध्याकाळभर ती पहिल्यांदाच बोलली होती.

"मी सांगणार नव्हते. दुआ ज्याची त्याची असते. पण तुम्ही हसताय म्हणून सांगते. या पोराने आजवर कोणाकडे काही मागितलेलं नाही. आई गेली तेव्हा एवढासा होता, तेव्हाही माझ्याजवळ रडला नाही. शाळेत जोडे फाटले तर दोरीने बांधून जायचा, मला सांगायचा नाही. मी त्याला फोन लावला, म्हटलं माग बाळा, आणि वर धरला. मला वाटलं, हा लगेच बंद करेल. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. म्हटलं, एवढं साठलं होतं पोराच्या मनात आणि मला कळलं नाही. घरात वाढवलं मी त्याला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं."

आत्याने खजुरांची ताटली पुढे सरकवली.

"एकदाच कानाला लावला, तुटला की काय ते बघायला. ऐकायला नको होतं, पण ऐकलं. हा म्हणत होता, या अल्ला, आता तरी सोडव रे एकदाचं. अगदी कळवळून म्हणत होता. मग मी पटकन परत वर धरला. तिसऱ्या प्रहरची अजान होईपर्यंत धरून ठेवला. अजान झाल्यावर मात्र मला बंद करावा लागला. तेव्हा त्याचं सगळं मागून झालं होतं की नाही, कोणास ठाऊक."

"कुठल्या हाताने धरलात, आत्या?" वसीलाने विचारलं.

"उजव्याच. तिथे डावा हात कसा वर करणार?"

वसीलाने नवऱ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

जलूलच्या कपाळावर मघापासून आठी होती. तो म्हणाला, "पण थांब जरा. चौदा तारखेला तू तर माझ्याकडे तो बोल्ट... आणि तुझा फोन माझ्या बर्फाच्या खोक्यावर..."

तिजानीने त्याच्याकडे पाहिलं. तीन दिवस ज्याने गल्लीला सळो की पळो करून सोडलं होतं, त्या माणसाचा चेहरा पार उतरला होता आणि डोळे नुसते विनवत होते. जलूलने ताटलीतला एक खजूर उचलला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसला.

चहा उकळून वर आला. आत्या उठली, किटलीला उजवा हात घातला आणि तो तिथेच अडकला. किटली वर उचलली जाईना. तिजानीने पुढे होऊन ती तिच्या हातून घेतली. खरं काय घडलं ते तिजानीला आत्ताच सांगता आलं असतं. बिलातला एक दिनारही त्याने कमी झाला नसता. फक्त आत्याचा तो खांदा फुकट गेला असता, एका गंजलेल्या बोल्टापायी.

तो पेले भरू लागला. थोडा चहा ताटात सांडला. आत्या त्याच्या शेजारी उभी होती. तिने कमरेची गाठ सोडली, घडी केलेल्या काही नोटा काढल्या आणि इतरांना दिसू नये अशा बेताने त्याच्यापुढे धरल्या.

"एवढेच आहेत आत्ता. बाकीचे महिन्या-महिन्याने देईन," ती हळू आवाजात म्हणाली. "बरोबर बोललास तू त्या दिवशी. बिल माझंच आहे. फोन धरून तर मीच उभी होते ना."

तिजानीने किटली खाली ठेवली, नोटा तिच्या मुठीत परत दाबल्या आणि मूठ मिटली.

"नाही आत्या," तो म्हणाला. "बोलत मी होतो."